शॅमेलिऑनचं पिल्लू खात नाही? पिंजरा बदलण्याआधी मोजायची टेप हातात घ्या

शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा, झाडावरचा सरडा. त्याच्या पिल्लाची लक्षणं आधी सांगते, कारण पाळणाऱ्यांचा फोन येतो तेव्हा यातलं काहीतरी हमखास ऐकू येतं.

- पिल्लू आणून आठवडा झाला. पहिल्या दिवशी चार रातकिडे खाल्ले, आता त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.
- दिवसभर जाळीला नखं अडकवून वर-खाली, वर-खाली चाललेलं असतं.
- रंग सतत काळपट-तपकिरी. छान पोपटी दिसतो तो फक्त झोपेत.
- दिव्याखालून हलत नाही. नाहीतर उलट, दिव्याकडे फिरकत नाही, तळाशी कुंडीमागे बसून असतं.
- दिव्याखाली तोंड उघडं टाकून बसतं.
- दोन पिल्लं एकत्र ठेवली असतील तर एक गुटगुटीत, दुसरं काटकुळं.

आणि शेवटचा प्रश्न ठरलेला: "काकू, पिंजरा लहान पडतोय का? की फार मोठा झाला?"

मी शिकागोच्या उपनगरात राहते. मुलाने अकराव्या वर्षी हट्ट करून एक पिल्लू आणलं. तो आता कॉलेजात, वसतिगृहात आहे आणि सरडा माझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. मधल्या काळात मंडळातल्या बऱ्याच घरांतली हीच तक्रार मी निस्तरली आहे, इतकी की गणपतीच्या आरतीला माझी ओळख 'सरडेवाल्या काकू' अशी करून देतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते कुंपण आपण पैसे देऊन आणलेलं असतं, म्हणून पिल्लू बिघडलं की पहिला संशय कुंपणावर जातो. बहुतेक वेळा पिंजऱ्याच्या मापात काही चूक नसते. त्या मापाच्या पिंजऱ्यात दिवा, पानं आणि खाणं कुठे ठेवलंय, तिथे घोळ असतो. म्हणून नवा पिंजरा शेवटी. आधी फुकटातल्या गोष्टी.

खालचे सगळे आकडे 'वेल्ड' शॅमेलिऑनचे आहेत, ज्याच्या डोक्यावर उंच तुरा असतो तो. मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाचा, आणि इथे घरोघरी जास्त करून हाच दिसतो. केनिया-टांझानियाकडचा तीन शिंगांचा जॅक्सन असेल तर त्याला याहून थंड हवा लागते, त्याला हे तापमान लावू नका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण साताऱ्याचा भाचा दर सुट्टीत विचारतो. आपल्याकडच्या झाडाझुडपांत दिसणारा शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं गुन्हा आहे, पिंजरा कितीही मोठा असो. परदेशी जातीचा असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसतील तर पिल्लू घेऊ नका.

पहिली तपासणी: पिंजरा ठेवलाय कुठे? (खर्च शून्य)

पिंजरा जमिनीवर किंवा कॉफी टेबलावर असेल तर निम्मा प्रश्न इथेच आहे. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी. धोका त्याला वरून येतो, पक्ष्याच्या रूपात. त्यामुळे आपण वरून वाकून "कसा आहेस रे बाळा" म्हटलं की त्याच्या लेखी घार आली. पिंजरा असा उंच ठेवा की सगळ्यात वरच्या फांदीवर बसलेलं पिल्लू तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. लहान पिंजरा असेल तर जुनं कपाट, पुस्तकांची मांडणी, काहीही चालेल, फक्त डगमगायला नको.

मग पिल्लाच्या जागी डोकं नेऊन बघा, त्याला काय दिसतं. समोर टीव्ही? कुत्र्याचं गादीवरचं आसन? हीटरची झडप थेट पिंजऱ्यावर? आरसा, किंवा रात्री आरशासारखी होणारी खिडकी? स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा सरडा वाटतो, आणि दुसरा सरडा त्याला चालत नाही. काचेच्या पेटीत हे जास्त होतं. बाहेरच्या बाजूने तीन अंगांना कागद चिकटवा, समोरची बाजू उघडी राहू द्या.

जागा बदललीत की तीन दिवस त्याला हात लावायचा नाही. खाणं, पाणी, दिवा, बस. मुलांना हे पटवणं हीच यातली खरी अवघड गोष्ट. आमच्या घरी मी पिंजऱ्याला 'गुरुजी झोपलेत' अशी पाटी लावली होती.

दोन पिल्लं एकत्र असतील तर आजच वेगळी करा. भांडण दिसत नाही म्हणजे भांडण नाही असं नसतं. दांडगं पिल्लू दिव्याखालची जागा धरून नुसतं बसून राहतं, आणि दुसरं उबेविना, खाण्याविना वाळत जातं. त्यांना मोठा पिंजरा हे यावरचं उत्तर नाही, दोन पिंजरे हे आहे.

दुसरी: लपायला पानं आहेत का? (एका कुंडीचा खर्च)

पिंजऱ्यासमोर चार पावलांवर उभे राहा आणि पिल्लू शोधा. पहिल्या नजरेत सापडलं तर पानं कमी आहेत. सापडायला दहा-पंधरा सेकंद लागायला हवीत.

मोठा पिंजरा वाईट हा समज इथूनच आलाय. चार फूट उंच रिकाम्या जाळीत मधोमध एक वेल आणि त्यावर बोटाएवढा जीव, तो घाबरणारच. तोच पिंजरा वरच्या अर्ध्या भागात गच्च भरला की पिल्लू दुसऱ्या दिवशी पोपटी दिसतं. मनी प्लांट सगळ्यात सोपा, सांडगा-पापडासारखा कुणाच्याही घरी मिळतो, एक फांदी तोडून आणली तरी लागतो. जास्वंद आणि शेफ्लेरा चांगले. वेल्ड जातीचे सरडे पानं कुरतडतात, म्हणून दुकानातून आणलेली कुंडी पानं धुऊन आणि वरची माती बदलूनच आत ठेवा, फवारलेलं औषध पोटात जायला नको. मातीवर मोठे गोटे पसरा, म्हणजे ती खाल्ली जात नाही.

फांद्या आडव्या हव्यात, आणि पिल्लासाठी पेन्सिलीएवढ्या जाड. पायाची पकड पूर्ण बसली पाहिजे. जाळीला लटकून वर-खाली करणाऱ्या पिल्लांपैकी कित्येकांना पिंजरा लहान झालेला नसतो, त्यांना चालायला आडवा रस्ताच नसतो, म्हणून ती भिंतीवरून चालतात.

तिसरी: रातकिडे जातात कुठे? (दह्याचा रिकामा डबा)

एका बाबांनी तीन महिन्यांच्या पिल्लासाठी थेट मोठ्या सरड्याचा पिंजरा आणला, २४ × २४ × ४८ इंचांचा. उत्साही माणूस. रोज सकाळी डबीतून तीस रातकिडे आत ओतायचे आणि ऑफिसला जायचे. आठवड्याने पिल्लाच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी गेले, कुंडी उचलली, तर खाली रातकिड्यांचं संमेलन भरलेलं. पिल्लू वरच्या फांदीवर, जेवण चार फूट खाली, अंधारात. रात्री हेच रातकिडे वर चढून झोपलेल्या पिल्लाला चावतात, तो आणखी वेगळा ताप.

पिल्लाला पुरणाऱ्या १६ × १६ × ३० इंचांच्या पिंजऱ्यापेक्षा त्या पिंजऱ्यात साडेतीन पट जागा आहे. जागा वाढली की शिकार पांगते, एवढंच. त्यासाठी पिंजरा परत करायची गरज नाही. दह्याचा उंच, अर्धपारदर्शक डबा घ्या. मागच्या बाजूला आतून जाळीचा तुकडा लावा, म्हणजे रातकिडे त्यावर चढून वरपर्यंत येतात. डबा पिल्लाच्या आवडत्या फांदीपासून त्याच्या शरीराच्या लांबीएवढ्या अंतरावर, किंचित खाली, तारेने बांधा. दोनच रातकिडे टाका आणि लांब जाऊन बसा. एक डोळा डब्याकडे वळतो, मग दुसरा, मग पिल्लू पुढे झुकून डोलतं, तोंडातून जिभेचं टोक जरासं बाहेर येतं... आणि टक्. डबा हलल्याचा तो आवाज ऐकला की समजा, अर्धी लढाई जिंकली.

रातकिड्याची लांबी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. आणि मोजून द्या. किती टाकले, किती उरले, हे कॅलेंडरवर लिहा. "खात नाही" म्हणून आलेल्या पिल्लांपैकी काही व्यवस्थित खात असतात, फक्त कुणी पाहिलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे वजन: स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, त्यावर एक काडी उभी करून शून्य करा, पिल्लू काडीवर चढवा. आठवड्यातून एकदा, सकाळी. वाढत्या वयात वजन थांबलं किंवा उतरलं, तर खाण्याबद्दलचा तुमचा अंदाज काहीही असो, काट्याचं ऐका.

चौथी: दिव्याखालची फांदी किती तापते? (तारवाला डिजिटल थर्मामीटर)

इथे लहान पिंजरा गुन्हेगार ठरतो, आणि त्याचं कारण 'हलायला जागा नाही' हे नाही. बारा इंची चौकोनी काचपेटी घ्या. एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम २१ इंच भरतात. वर दिवा लावला की सगळी पेटीच तापते. शॅमेलिऑनचं स्वतःचं अंग गरम-थंड करायचं मुख्य साधन म्हणजे जागा बदलणं. उबेतून उठून सावलीत जायचं, परत यायचं. पेटीत सावलीच नसेल तर तो तोंड वासून बसतो. अशा पेटीवर शंभर वॅटचा बल्ब ठेवलेलं एक पिल्लू मी पाहिलंय. तुऱ्याच्या टोकाला भाजून पांढरा चट्टा पडला होता. घरच्यांना वाटत होतं कात टाकतंय.

थर्मामीटरचं टोक पिल्लाची पाठ जिथे येते तिथे बांधा, फांदीच्या खाली नाही. अर्ध्या तासाने वाचा. पिल्लासाठी तिथे ८० ते ८५ फॅरनहाइट, म्हणजे २७ ते २९ सेल्सियस, पुरे. आणि तळाच्या सावलीत खोलीचं साधं तापमान, ७२ च्या आसपास. दोन्हींत फरकच नसेल तर आधी बल्ब कमी वॅटचा करा किंवा उंच उचला. तरीही फरक पडत नसेल तर पिंजरा खरंच लहान आहे. पिंजऱ्याला दोष देण्याआधी मला हा एकच पुरावा पुरेसा वाटतो.

थर्मामीटर येईपर्यंत तळहाताची मागची बाजू फांदीच्या उंचीवर अर्धा मिनिट धरा. चटका बसला तर पिल्लालाही बसतो. रात्री सगळे दिवे बंद. लाल, निळा, कुठलाही 'रात्रीचा' दिवा लावू नका, त्याला झोपायला अंधार लागतो.

पाचवी: यूव्हीबी दिवा आणि टेप (यात पैसे जातात)

"खिडकीतून ऊन येतं की!" हे दर वेळी ऐकते. खिडकीची काच यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एक प्रकारचे अतिनील किरण, अडवते. आत येतो तो उजेड आणि उष्णता. यूव्हीबी नसेल तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर कॅल्शियम हाडांत जात नाही, आणि वाढत्या पिल्लाची हाडं मेणासारखी वाकतात. हे आठवड्यात दिसत नाही, महिन्या-दोन महिन्यांत दिसतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

वळणावळणाचा छोटा बल्ब नको. लांब नळीचा, टी-५ हाय आउटपुट प्रकारचा, सहा टक्केवाला घ्या, पिंजऱ्याच्या रुंदीएवढा. जाळीच्या छतावर ठेवला तर वरची फांदी त्याच्या साधारण ८ ते ९ इंच खाली हवी. पिंजऱ्याच्या मापाचा आणि यूव्हीबीचा संबंध इथे येतो. बुटक्या पिंजऱ्यात पिल्लू नळीला चिकटून बसतं, त्याला मात्रा जास्त होते. उंच पिंजऱ्यात फांद्या खाली बांधल्या तर मात्रा पोचतच नाही. टेप लावा, अंतर लिहा, फांदी सरकवा. काम दहा मिनिटांचं. नळी पेटते म्हणजे चालते असं नाही, वर्षाने बदला, तारीख नळीच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा.

खाण्यावर कॅल्शियमची पूड रोज, ड जीवनसत्त्व नसलेली. ड असलेली महिन्यातून दोनदा. जास्त म्हणजे चांगलं असं इथे नाही.

सहावी: पाणी, विशेषतः इथल्या शिकागोच्या हिवाळ्यात

वाटीतलं पाणी तो पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंब पितो. प्लास्टिकच्या ग्लासाला टाचणीने भोक पाडा, पिंजऱ्याच्या छतावर ठेवा, खाली बादली. झालं ठिबक सिंचन. पहाटे आणि रात्री दिवे बंद झाल्यावर दोन-दोन मिनिटं फवारणी.

नोव्हेंबर ते मार्च घर गरम करणारी फर्नेस चालू झाली की घरातली हवा भाजलेल्या पापडासारखी होते. उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात ओल टिकत नाही, मग मोठा असो की लहान. तीन बाजूंना पारदर्शक प्लास्टिक लावा, छत आणि समोरची बाजू मोकळी. दिवसा थोडं कोरडं, रात्री दमट हा त्याचा हिशेब. दिवसभर ओलं ठेवलंत तर फुप्फुसं बिघडतात. विष्ठेतला पांढरा भाग बघत जा. पांढराशुभ्र म्हणजे ठीक, गडद नारिंगी म्हणजे पाणी कमी पडतंय.

आता पिंजरा

इथवर सगळं जागेवर बसवूनही पिल्लू भिंती चढत असेल, किंवा सगळीकडे सारखंच तापत असेल, तर माप बदला. नराची खूण जन्मापासून दिसते: मागच्या पायाच्या टाचेवर बारीक गोळा. नर वर्षभरात शेपटीसकट दीड ते दोन फुटांचा होतो. त्याला शेवटी २४ × २४ × ४८ इंच लागणारच. मादी लहान असते, १८ × १८ × ३६ हे तिचं कमीत कमी. दोन-तीन महिन्यांपर्यंतचं पिल्लू १६ × १६ × ३० मध्ये सुखात राहतं, आणि किती खाल्लं, शी कशी झाली, हे आपल्यालाही दिसतं. चार-पाच महिन्यांचं झालं की मोठ्यात हलवा.

मला विचाराल तर तीन महिन्यांचं पिल्लू आणणार असाल तर एकदाच मोठा घ्या आणि वरचा अर्धा भागच राहता करा. मधला पिंजरा सहा महिन्यांत अडगळीत जातो. माझ्या गॅरेजमध्ये असे तीन पडलेत, लोकांनीच आणून दिलेले.

हलवताना जुन्या फांद्या आणि कुंडी तशीच्या तशी नव्या पिंजऱ्यात न्या, मगच पिल्लू. सकाळी न्या, म्हणजे अंधार पडायच्या आत झोपायची जागा शोधून होते. एक-दोन दिवस कमी खाल्लं तर घाबरू नका.

मादी असेल तर तळाला जागा ठेवाच. पाच-सहा महिन्यांनंतर नराशिवायही ती अंडी घालू शकते. फूटभर खोल ओलसर वाळूचा डबा नसेल तर अंडी आत अडकतात आणि ती मरते. पिंजऱ्याचं माप ठरवताना हा डबा धरूनच मोजा.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

दिवसा, दिवे चालू असताना डोळे मिटून बसतो. डोळे आत गेलेत. फांदीवरून पडतो, किंवा पकडताना पाय थरथरतो. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेत, जबडा मऊ लागतो. जीभ बाहेर पडते पण आत जात नाही. दिवा बंद असतानाही तोंड उघडं, नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला आवाज. भाजल्याचा डाग. मादी तळाशी खणतेय, अंडी येत नाहीत आणि ती मलूल झालीय. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाने सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही. यातलं एकही असेल तर वरची एकही तपासणी करत बसू नका. कॅल्शियमचे थेंब, कोमट पाण्याची आंघोळ, तोंड उघडून भरवणं, यातलं काही घरी करू नका. गेल्या वर्षी एका घरी आजींनी मायेने गूळपाणी पाजलं, ते फुप्फुसात गेलं.

कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर सरडा बघत नाहीत. फोनवर आधीच विचारा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स नावाची संघटना आहे, तिच्या यादीत जवळचा सापडतो. पिल्लू निरोगी असतानाच नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

जाताना बुटाच्या खोक्याएवढ्या डब्याला हवेची भोकं पाडा, आत एक काडी आडवी घट्ट बसवा, वरून टॉवेल टाका आणि गाडी आधी गरम करून मगच त्याला बाहेर न्या. ताजी शी ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घ्या, जंतांची तपासणी त्यावरून होते. वजनाचं कॅलेंडर न्या. आणि पिंजऱ्याचा एक फोटो: पूर्ण, छतावरच्या दिव्यांसकट, शेजारी टेप उघडून धरलेली.